कारणाचा रकाना

वहीत एक रकाना आहे, बोटभर रुंदीचा.
वर छापलंय : न वापरण्याचं कारण.
हार्गेसाहून आलेल्या बाई म्हणाल्या,
एका शब्दात लिहीत जा.
मी सुईण. माझं अक्षर मोठं.

अंबारो पहिल्यांदा आली
ती मच्छरदाणीचा भाव विचारून गेली.
मच्छरदाण्या आम्ही फुकट देतो, हे तिला ठाऊक होतं.
कडेवर एक, झग्याला धरून एक,
आणि तिसऱ्याचं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा आली ते बाळंतपण उरकून.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,
दंडात घालता ती काडी
चालत चालत काळजापर्यंत जाते म्हणे?
विहिरीवर रोदा सांगत होती.
मी बाही वर केली.
तिनं बोट टेकवलं,
तवा तापलाय का बघतात तसं.
काडी जागेवर होती, तीन वर्षं.
नवऱ्याच्या हाताला लागत नाही?
लागते. तो म्हणतो, दंडात तांदळाचा दाणा राहिलाय तुझ्या.
ती हसली. मग थांबली.
माझ्या नवऱ्याला
दाण्यातला आणि काडीतला फरक कळतो.

नवरा गुलेद. मेंढ्यांचा ट्रक बर्बेराला नेतो.
माणूस वाईट नाही. मुलांसाठी खजूर आणतो,
हिच्यासाठी एकदा चष्मा आणला, डोळे चांगले असताना.
कागदावर त्याची सही लागते.
तसं कुठं लिहिलेलं नाही, पण लागते.
फोन लावला तर मागं मेंढ्या ओरडत होत्या,
त्यातून एवढंच ऐकू आलं : आईला विचार.

आई म्हणजे दहबो.
तिला आठ झाली.
लढाईच्या साली सरहद्दीकडे चालताना
तीन वाटेत पुरली, एक सरहद्द ओलांडल्यावर.
ती माझ्यावर ओरडली नाही.
ऊदाच्या धुरात बसून शांतपणे म्हणाली,
उरतील किती ते तू आधी सांग,
मग हवीत किती ते मी सांगते.
मी सुईण आहे. मला यातलं पहिलं सांगता येत नाही.

शेख काय म्हणतात, हे मला पाच जणांनी सांगितलं.
शेखना कुणी विचारलंच नव्हतं.
मी विचारलं तेव्हा ते नखं कापत होते.
दोन वर्षं अंगावर पाजावं, म्हणाले,
त्यात पाळणा लांबतोच, पुढचं तुम्ही जाणा.
हे मी दहबोला सांगितलं.
ती म्हणाली, शेख तरुण आहेत.

चौथ्यांदा आली ती एकटीच, ऊन डोक्यावर असताना.
अकरा किलोमीटर.
बाळ धाकट्या जावेकडे,
घरी सांगितलं होतं, मीठ आणायला जाते.
कपाट मी तिच्यासमोर उघडलं,
तिला खोटं वाटायला नको म्हणून.
जंतनाशक होतं. कापूस होता.
बुराओचा ट्रक दोन महिने आला नव्हता.

ती खाली बसली. एकेक चप्पल काढून
वाळू झटकली, पुन्हा घातली.
चहा दिला, तो गार होऊ दिला.
मग एकदम हसायला लागली.
कोरड्या दिवसांत कोकरं जन्मू नयेत,
म्हणून मेंढ्याच्या पोटाखाली
चामड्याचा पदर बांधतात, माहीत आहे ना?
आमच्याकडे तो कोण बांधतं, सांग बघू?
सासू. दरवर्षी, स्वतःच्या हातानं.
गाठ इतकी पक्की, की सोडायला मलाच बोलावते.
हसता हसता तिनं ओढणीनं तोंड पुसलं,
डोळे पुसायचे राहिले.

जाताना वहीकडे बोट दाखवून म्हणाली,
यात काय लिहितेस माझं?
मी रकाना दाखवला. तिला वाचता येत नाही,
तरी खूप वेळ बघत राहिली.
म्हणाली, एवढ्यात नाही मावायचं.
तू फक्त लिही, की मी आले होते.

त्यासाठी रकाना नाही.
मी ओळ आडवी नेली,
नाव, वय, मुलं, नवऱ्याची सही, सगळ्यांवरून,
पार पानाच्या कडेपर्यंत.
बाईंनी तपासणीत त्याला लाल गोल केला.
बाजूला लिहिलं : नीट भरा.

मीठ तिनं माझ्याकडूनच नेलं, वाटीभर.
घरी दाखवायला.